शेवटच्या कडव्यातलं नाव

पोरी,

सप्रेम जय भीम.

तुझा निरोप मिळाला. कंपनी चार गाण्यांचे एकरकमी पैसे द्यायला तयार आहे, आणि मंडळातली माणसं म्हणतात, चळवळीचं गाणं विकायचं नसतं. तुझी घालमेल कळते मला. सही करायच्या आधी माझं थोडं ऐक.

वामनदादा कर्डकांची गाणी तुला तोंडपाठ आहेत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस 1943 मध्ये लिहू लागला आणि 2004 मध्ये जाईपर्यंत गावोगाव गात फिरला. त्यांची गाणी लोकांनी वहीतून वहीत उतरवून घेतली. कुणी चाल बदलली, कुणी शब्द चुकवले, पण शेवटच्या कडव्यातला 'वामन' कुणी काढला नाही. काढला असता तर ओळच मोडली असती! आपल्याकडे कवीचा हक्क असा गाण्याच्या पोटातच शिवलेला असायचा. रात्र रात्र कार्यक्रम चालायचा, माणसं शेवटपर्यंत बसायची, म्हणून ते नाव कानावर पडायचं.

आता रील तीस सेकंदांची. मुखडा वाजतो, फार तर पहिलं कडवं. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवरही तेच होतं. नाव येईपर्यंत गाणं कापलेलं असतं.

कापाकापी आजचीच नाही. कॅसेटचे दिवस मी पाहिलेत. 6 डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर गाळ्यांवर कॅसेटी रचलेल्या असायच्या, आणि त्यातल्या एकीवर माझं गाणं होतं. लेबलवर छापलं होतं 'पारंपरिक'. मी तिथेच उभा होतो, जिवंत. पैसे एकदाच मिळाले होते, एका कागदावर सही करून. तो कागद मी वाचला नव्हता, ही चूक माझी. तू ती करू नकोस.

गाणं लिहिलंस त्या क्षणापासून हक्क तुझा. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण लागलं की पुरावा लागतो, म्हणून करून ठेव. 2012 मध्ये कायदा बदलला. आता गीतकाराला आणि संगीतकाराला आपल्या रॉयल्टीचा बरोबरीचा वाटा कंपनीला देऊन टाकता येत नाही. तो वारसाला देता येतो किंवा हक्कसंस्थेला, म्हणजे कलावंतांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला. करारात उलटं लिहिलं असेल तर ते कलम रद्दच. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणूनच कंपन्या 'कायमस्वरूपी, जगभर' असं आवर्जून लिहितात. ते दोन शब्द शोध आणि खोडायला लाव. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेची सभासद हो. आणि ध्वनिमुद्रण कंपनीच्या नावावर गेलं तर तू मोर्चात गायलेल्या व्हिडिओवरही यूट्यूबवर त्यांचा दावा येऊ शकतो. सभा, मोर्चा, जयंती इथे गाण्याची आणि त्याचा व्हिडिओ टाकण्याची मोकळीक करारात लिहूनच घे.

मंडळाचं म्हणणं मला अर्धं पटतं. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर यांचं लालबावटा कलापथक संयुक्त महाराष्ट्रासाठी गायलं ते बिदागीकडे बघून नाही. पण अण्णाभाऊ 1969 मध्ये हलाखीतच गेले. त्यांच्या आठवणीला हार घालणाऱ्यांनी त्यांच्या चुलीची किती काळजी केली, हे मला अजून टोचतं. चळवळीला गाणं फुकट दे, खुशाल दे. पण ढोलकीवाल्याची बिदागी आणि प्रवासखर्च मंडळाकडून मागून घे, लाजू नकोस. तोही याच वस्तीतला आहे, त्याचाही रोज बुडतो.

निवडणुकीत एखादा पक्ष येईल, म्हणेल चाल ठेवा, एवढा एक शब्द बदला. तिथे पैशाचा विचारच करू नकोस. तो शब्द कुणाच्या विरोधात होता ते आठव आणि नाही म्हण.

नाव मात्र मुखड्यात आण. तुझ्या दुसऱ्या गाण्यात 'माय' आहे तिथे तुझं नाव मात्रेत बसतं, मी म्हणून पाहिलं. आज रात्री म्हणून बघ, आणि कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो मला पाठव.

तुझा,
काका