देठ कापू नका, ते झाडाचे पाय आहेत

प्रश्न : भिंत आणि दोन मोठी झाडं यांच्यामधल्या सावलीत मी ‘जिरेनियम मदेरेन्से’ बियांपासून वाढवलं आहे. दोन वर्षांत कमरेएवढं झालं, पानं परातीएवढी, पण फूल नाही. खालची पानं पिवळी पडून त्यांचे देठ मातीकडे वाकलेत. ते छाटू का? आमच्याकडे हिवाळ्यात काही रात्री दव गोठतं. आणि फुललं की झाड मरतं म्हणतात, ते खरं का?

उत्तर : आधी कात्री खाली ठेवा. देठ वाकलेत म्हणजे रोग नाही. जुन्या पानाचं काम संपत आलं की त्याचा देठ खाली वळतो, टोक जमिनीला टेकवतो आणि तसाच ताठ राहतो. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला खालून टेकू हवा असतो, तो झाड असा स्वतःच उभारतं. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी हे देठ काढले की फुलोऱ्याच्या वजनाने झाड कलंडतं, मग काठ्या-दोऱ्यांचा खटाटोप. वाळलेलं पातं हवं तर खुडा, देठाला हात लावू नका.

फुलाचं म्हणाल तर दोन वर्षं म्हणजे उशीर नव्हे. तिसऱ्या वर्षीही फुलतं. मात्र जागा एकदा तपासा. सावली चालते, अंधार चालत नाही. झाडांतून कवडसे पडत असतील किंवा सकाळी तासभर ऊन येत असेल तर उत्तम. दिवसभर गडद सावली असेल तर पानं वाढत राहतील आणि फूल लांबत जाईल. झाड आता हलवू नका, या वयात मुळं दुखावली की ते रुसतं. त्यापेक्षा त्यावर सावली धरणाऱ्या मोठ्या झाडांच्या वरच्या दोन-तीन फांद्या विरळ करा.

थंडीकडे नीट लक्ष द्या. हे अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावरचं झाड, तिथे कडाक्याची थंडी नाही. त्यामुळे ते हिवाळ्यात झोपत नाही, वाढतच असतं, आणि नेमकं तेव्हाच दव गोठतं. शून्याखाली एक-दोन अंश थोडा वेळ गेले तर पानं माना टाकतात आणि उन्हं वर आली की पुन्हा उभी राहतात, घाबरू नका. त्याहून खाली पारा जाणार असेल तर मधला कोंब वाचवायचा. बागेतलं सच्छिद्र पांढरं कापड दोन पदरी करून रात्री टाका, सकाळी काढा. पानांना चिकटेल असं प्लास्टिक नको. थंडीपेक्षा थंडी आणि साचलेलं पाणी ही जोडी जास्त घातक, म्हणून निचरा बघा आणि हिवाळ्यात पाणी हात राखून द्या.

काहीजण झाड कुंडीत लावून आत नेतात. कुंडी लहान असली तर झाडही लहानच राहतं, आणि आत नेलंच तर गारसर, उजेडाच्या खोलीत ठेवा. उबदार दिवाणखान्यात ते लांबुडकं होतं.

फुललं की झाड मरतं, हे बहुतेक वेळा खरं. पण त्याआधी जांभळट, चिकट लव असलेल्या देठांवर गुलाबी फुलांचा असा ढीग लागतो की पुढचे कित्येक आठवडे दुसरीकडे नजर जात नाही. बी पिकलं की झाड ते स्वतःच उडवतं. आसपास उगवलेली रोपं तळहाताएवढी असतानाच हलवा. शिवाय दरवर्षी थोडं बी पेरत राहा, म्हणजे वेगवेगळ्या वयाची झाडं हाताशी राहतील आणि एखाद्या वाईट रात्रीत सगळी जाणार नाहीत.

मला विचाराल तर सोबत ‘जिरेनियम पामेटम’ही लावा. तेही मदेराचंच, उंच खोड नाही, थंडी जरा जास्त सोसतं आणि बरेचदा एकाहून अधिक वर्षं फुलतं. दिसायला तेवढं भव्य नाही, पण माझ्या मते सावलीच्या बागेत तेच जास्त भरवशाचं.

प्रश्न : गॅलरीतली लाल जिरेनियम सावलीत फुलत नाहीत. त्यांनाही हेच लागू का?

उत्तर : नाही. त्यांना जिरेनियम म्हणतात खरं, पण ती वेगळ्या प्रजातीची, पेलार्गोनियम; बहुतेक दक्षिण आफ्रिकेकडच्या जातींपासून झालेली. त्यांना ऊनच द्या.