चालण्याचा अभ्यास करून पोट भरेल का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. लेक पुण्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगोल. प्रकल्पासाठी तीन दिवस एका चौकात उभं राहून तिनं रस्ता ओलांडणारी माणसं मोजली आणि तेव्हापासून शहरातल्या पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचाच अभ्यास करायचा, असा तिचा हट्ट आहे. तुम्ही जालना जिल्ह्यात हायस्कूलला शिकवता. तिनं बी.एड. करून नोकरीला लागावं, अशी तुमची इच्छा. ‘चालण्यात कसलं आलंय संशोधन?’ असं नात्यातली माणसं विचारतात, तेव्हा काय सांगावं ते सुचत नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

शाळेतल्याच गोष्टीपासून सुरुवात करते. बिहार सरकारनं २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्याचा उपयोग झाला का, हे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं. नुसतं ‘मुली वाढल्या’ म्हणून त्यांना थांबता येत नव्हतं, कारण मुली इतर कारणांनीही वाढल्या असत्या. म्हणून त्यांनी मुलींची तुलना मुलग्यांशी केली आणि बिहारची शेजारच्या झारखंडशी. मुलींचं योग्य वयात माध्यमिक शाळेत येण्याचं प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढलं, असं त्यातून निघालं. वाढ मुख्यतः हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत होती. सायकल आणि अंतर यांचं नातं इतक्या नेमकेपणानं मांडता येतं. हे संशोधन नाही, असं कोण म्हणेल?

दुसरं उदाहरण शहरातलं, इंग्लंडमधलं. बाथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी २००६ मध्ये सायकलीला अंतर मोजणारं यंत्र बसवलं आणि स्वतः रस्त्यावर उतरले, कधी हेल्मेट घालून, कधी न घालता. सुमारे २,३०० गाड्यांनी त्यांना ओलांडल्याची नोंद झाली. हेल्मेट नसताना जितक्या अंतरावरून गाड्या जात, त्यापेक्षा हेल्मेट असताना त्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. वॉकर यांनी आपली आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवली. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी तीच पुन्हा तपासली आणि फक्त एक मीटरच्या आतून गेलेल्या गाड्यांचं प्रमाण पाहिलं, तर हेल्मेटचा संबंध टिकत नाही, असं मांडलं. आकडे तेच होते, फरक पडला तो ते तपासण्याच्या पद्धतीमुळे.

तुमच्या लेकीला माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथेच आहे. विषयाची ओढ तिला लागली आहे. आता हत्यारं हवीत. संख्याशास्त्र नीट शिकायला हवं, पाठांतरापुरतं नाही. नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि आकडेवारीसाठी आर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यांच्यावर हात बसायला हवा. भूगोलाच्या मुलांना नकाशा वाचता येतो, ही मोठी जमेची बाजू आहे, पण पुष्कळ जण तिथेच थांबतात. चौकात मोजलेली माणसं तिनं वयानुसार, स्त्री-पुरुष असं वेगळं करून, वेळेनुसार नोंदवली आहेत का, ते विचारा. नसतील, तर पुन्हा जाऊ दे. सोबत टेप घेऊन जाऊ दे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असायला हवी. विजेचा डीपी, झाडाचा पार, लावून ठेवलेल्या दुचाकी वजा केल्यावर प्रत्यक्षात किती उरते, ते तिनं शंभर ठिकाणी मोजलं, तर प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे, सायकल आराखडा २०१७ चा. कागद आणि रस्ता यांतलं अंतर मोजायला पुण्यासारखी जागा नाही.

आता पुढचा रस्ता. भूगोलात एम.ए. किंवा एम.एस्सी. केल्यावर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या संस्थांत नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं दार उघडतं. अटी दर वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. दुसरी वाट नेट-जेआरएफची, म्हणजे नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन-शिष्यवृत्तीची. त्यात सध्या महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी. करताना घरावर बोजा पडत नाही. आयआयटी दिल्लीत वाहतूक आणि अपघात-प्रतिबंधावर वर्षानुवर्षं काम चालू आहे. तिथले राहुल गोयल जगभरातल्या सायकल वापरावर लिहितात. त्यांचे निबंध तिनं आत्तापासून वाचावेत. परदेशाचं मनात असेल, तर नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणाऱ्यांना बहुधा पगारी नोकर म्हणून घेतात, हे लक्षात ठेवा. कर्ज काढून एक वर्षाची परदेशी पदवी घ्यायला मात्र मी सांगणार नाही.

नोकरीचं खरं सांगते. नगररचना विभागातली पदं स्थापत्य, वास्तुकला किंवा नियोजनाच्या पदवीवर भरतात. नुसत्या भूगोलावर ती मिळणार नाहीत. महाविद्यालयात कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवण्यात अनेकांची उमेदीची वर्षं जातात. संधी आहे ती शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या आयटीडीपी, डब्ल्यूआरआय इंडिया यांसारख्या बिगरसरकारी संस्थांत, शहरांचे वाहतूक आराखडे करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत आणि विद्यापीठांच्या प्रकल्पांत. यातल्या बऱ्याच नेमणुका कराराच्या असतात. नकाशा आणि आकडेवारी हाताळता येणाऱ्या माणसाला एक करार संपला की दुसरं काम मिळण्याची शक्यता बरीच असते, आणि ते काम वाहतुकीचंच असेल असंही नाही. पाणी, आरोग्य, शेती, सगळीकडे हेच कौशल्य लागतं. बी.एड. एम.ए.नंतरही करता येतं. ते आत्ताच करायला लावलंत, तर तिची वाचायची, शिकायची दोन वर्षं जातील, आणि मला त्याचं वाईट वाटेल.

एक काम तुम्ही दोघींनी मिळून करण्यासारखं आहे. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडेही मुलींना सायकली मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी येईल, तेव्हा शाळा बंद असेल, म्हणून दोन दिवस आधी बोलवा. शाळा भरायच्या वेळी फाटकाशी उभी राहून कोणत्या वाडीवरून किती मुली सायकलीनं येतात, किती पायी आणि किती एसटीनं, ते तिला नोंदवू दे. मिळालेली सायकल कुणाकडे घरीच पडून असेल, तर का, ते तुम्ही विचारा. मुली तुम्हाला मोकळेपणानं सांगतील. ती नोंद मला पाठवा. मी वाचेन आणि तिला सविस्तर उत्तर लिहीन.