चित्रातला बैल : चिन्ह, प्रतिमा की प्रतीक?

कराडच्या एका चित्रकला शिक्षिकेने विचारलं आहे : "मुलांना अवनींद्रनाथ टागोरांचं 'भारतमाता' दाखवते. तिच्या हातातल्या वस्तूंना चिन्हं म्हणू, प्रतीकं म्हणू की प्रतिमा? तिन्ही शब्द सरमिसळ वाचायला मिळतात."

बाई, आधी आपल्याकडचा बैल घेऊ. बेंदराला आपण मातीचे बैल आणून पुजतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हाच बैल काँग्रेसची बैलजोडी होऊन मतपेटीवर आला. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याची खूण चिकटवलेली असे. कागदोपत्री ते 'चिन्ह', पण गावात विचारतात, "निशाणी कुठली?" हा शब्द फारसी 'निशान'वरून आला. चिन्हाचं काम ओळख पटवण्याचं. १९६९ला पक्ष फुटला, बैलजोडीचं चिन्ह गोठवलं गेलं, म्हणजे ते कुणालाच वापरता येईना, आणि १९७१ला इंदिरा गांधींचा गट गाय-वासरू घेऊन उभा राहिला. निशाणी बदलली, तरी मतदाराने ज्याला द्यायचं त्याला मत दिलंच. अर्थात बैलच का निवडला, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नव्हतं. म्हणजे चिन्हसुद्धा अगदीच कोरं नसतं.

'प्रतिमा'तला 'प्रति' म्हणजे मुळाच्या जागी उभं राहणारं. औंधच्या संस्थानिकांच्या 'पंतप्रतिनिधी' या किताबातला 'प्रति' तोच. १९४३ला साताऱ्यात इंग्रज सरकारच्या जागी उभं राहिलेलं 'प्रतिसरकार'ही त्यातलंच. लोकांच्या तोंडी त्याचं 'पत्रीसरकार' झालं. म्हणून 'भारतमाता'तली भगव्या वस्त्रातली ती अख्खी स्त्री ही देशाची प्रतिमा.

'प्रतीक' हा तिघांतला मला सर्वांत प्रिय शब्द. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो, 'अङ्गं प्रतीकोऽवयवः'. प्रतीक म्हणजे चक्क अवयव! जुने टीकाकार श्लोकाचा पहिला शब्द तेवढा देतात आणि वाचकाला सगळा श्लोक आठवतो. त्या पहिल्या शब्दालाही 'प्रतीक'च म्हणतात. तुकडा हातात आला की अख्खी वस्तू मागोमाग यावी, हा त्या शब्दाचा प्राण आहे.

आता चित्राजवळ जाऊ. चार हात देवीसारखे, पण एकातही शस्त्र नाही. पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र, जपमाळ. चित्र १९०५चं, वंगभंगाच्या म्हणजे बंगालच्या फाळणीच्या वर्षातलं. विलायती कापडावर बहिष्कार पुकारलेला असताना ते पांढरं वस्त्र नुसतं कापड कसं राहील? त्याच्या मागे अख्खी स्वदेशी चळवळ उभी आहे. म्हणून त्या चारही वस्तूंना निःशंकपणे 'प्रतीकं' म्हणा.

वर्गात एक करून पाहा. वस्त्र झाकून त्या हातात तलवार काढायला सांगा. ओळखायला ती भारतमाताच राहील, पण अवनींद्रनाथांचं म्हणणं उरणार नाही. काढून घेतल्यावर चित्राचं म्हणणंच बदलत असेल, तर ते प्रतीक. नुसतं नाव ओळखायची अडचण होत असेल, तर ते चिन्ह.

वर्तमानपत्रांत 'प्रतीकात्मक पुतळा जाळला' असं येतं. तिथे विशेषण फुकट जातं. पुतळा मुळातच त्या माणसाची प्रतिमा असतो. 'पुतळा जाळला' एवढं पुरे.

आणि फळ्यावर लिहिताना 'ती' दीर्घ काढा. नावांत 'प्रतिक' रूढ झालं असलं तरी शब्द 'प्रतीक'च आहे.