अप्रेंटिसशिप की डिप्लोमा ते नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

दौंड तालुक्यातल्या एका दादांचं पत्र आलंय. मुलगा १९ वर्षांचा, सरकारी आयटीआयमधून फिटर ट्रेड ७८ टक्क्यांनी पास झालाय. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय, स्टायपेंड १२ हजार, पुढच्या महिन्यात जॉइनिंग. दुसरीकडे एका प्रायव्हेट पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला जागा मिळू शकते, फी वर्षाला ६५ हजार. दोन्हीतलं काय निवडू, एवढाच प्रश्न. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, "स्टायपेंडचं खातं काढायला गेलो तेव्हा बँकेतल्या मॅडमनी सांगितलं की कंपनीत जॉइन होताना विमा लागतो, म्हणून मुलाच्या नावाने एक प्लॅन घेतला. वर्षाला ६० हजार, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी १२ लाख गॅरंटीड. पहिला हप्ता मिसेसच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून भरला. मुलगा वर्षभरात परमनंट झाला की ३० हजार पगार सुरू होईल, मग महिन्याला ५ हजार काही जड नाही."

दादा, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर खाली देतो, पण तुम्ही जे विचारलंच नाहीत ते आधी, कारण त्याला मुदत आहे.

बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, पोस्टाने गेल्या शनिवारी आला असं तुम्ही लिहिलंय. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत, पटली नाही तर परत करता येते, याला फ्री लुक म्हणतात. पूर्वी बहुतेक पॉलिसींना १५ दिवस होते, २०२४ च्या नियमांनी ३० झाले. पैसे जवळजवळ सगळे परत येतात, तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम, स्टॅम्प ड्युटी आणि मेडिकल केली असेल तर तिचा खर्च कापतात, बस. पण एक बघा, मुलाच्या ईमेलवर पॉलिसीची पीडीएफ आधीच येऊन पडलेली असू शकते, कंपनी दिवस तिथून मोजेल. त्यामुळे आजच त्याला मेल उघडायला सांगा, स्पॅममध्ये पण बघा, आणि पोस्टाची तारीख विसरून मेलची तारीख धरून चाला.

अर्ज मॅडमकडे द्यायचा नाही. त्या "सर सुट्टीवर आहेत, सोमवारी या" असं करत तुमचे ३० दिवस संपवतील. विमा कंपनीच्या शाखेत जा, लेखी अर्ज, सोबत ओरिजिनल बॉण्ड, कॅन्सल चेक, आणि पोच म्हणून आपल्या कॉपीवर तारखेसकट शिक्का घ्या. त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरच्या मेलवर पण टाका, मुलाच्याच मेलवरून, कारण पॉलिसी त्याच्या नावावर आहे आणि सही त्याची लागणार. फोन येतील, "थोडे दिवस थांबा, बोनस लागणार आहे", "कॅन्सल केलं तर सिबिल खराब होईल" वगैरे. पॉलिसी परत केल्याने सिबिलला, म्हणजे कर्जासाठी बघतात त्या स्कोअरला, काहीही होत नाही. टोलवाटोलवी झाली तर बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, आणि त्यानंतर पुण्यातच विमा लोकपालांचं ऑफिस आहे, तिथे तक्रारीला फी लागत नाही.

आता का परत करायची ते सांगतो, कारण तुमच्या घरात "१२ लाख गॅरंटीड" हा आकडा बसलेला असणार.

१० वर्षं ६० हजार म्हणजे ६ लाख भरले, मिळाले १२, म्हणजे डबल. ऐकायला झकास. पण पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं, सरासरी साडेपंधरा वर्षं. साडेपंधरा वर्षांत डबल म्हणजे वर्षाला साडेचार-पावणेपाच टक्के. हेच ६० हजार वर्षाला पोस्टात पीपीएफमध्ये १० वर्षं टाकले आणि पुढे १० वर्षं खातं नुसतं वाढवत नेलं (पंधराव्या वर्षापर्यंत ते चालू ठेवायला वर्षाला किमान ५०० रुपये टाकून), तर आजचा ७.१ टक्क्यांचा दर टिकला असं धरून साडेसतरा लाखांच्या आसपास होतात. आणि तुम्ही तर पाटल्या ठेवून भरलेत, पतसंस्थेचा दर १३ टक्के लिहिलाय. १३ ने उचलून पावणेपाचने गुंतवणूक. वर्षाला जवळपास ८ हजार व्याज नुसतं द्यायचं, आणि नाही फेडलं तर पाटल्या लिलावात.

बरं, हप्ता येणार कुठून? १२ हजार स्टायपेंड, चाकणला कॉट बेसिसवर राहायचे अडीच, मेस साडेतीन, मोबाईल, गावी येणं-जाणं, चहा-नाश्ता मिळून दीड. उरतात साडेचार. महिन्याचे ५ हजार इथेच बसत नाहीत, आणि हा हिशोब पोरगा एकदाही आजारी न पडता, एकही पिक्चर न बघता आहे. त्यात दुसरा हप्ता पुढच्या वर्षी याच महिन्यात भरायचाय, आणि अप्रेंटिसशिप पण पुढच्या वर्षी त्याच सुमारास संपते. म्हणजे पोराच्या हातात काम नसेल नेमकं तेव्हाच ६० हजार मागायला मेसेज येणार. तेव्हा सोडायची म्हटली तर नव्या नियमांमुळे वर्ष पूर्ण झाल्यावर थोडंफार परत मिळतं, पण बरंच कापून.

तुम्ही बॉण्डच्या पानांचे जे फोटो पाठवलेत त्यात मागे प्रपोजल फॉर्मची कॉपी आहे, ती वाचलीत का? मुलाचा व्यवसाय "सर्व्हिस", हुद्दा "इंजिनिअर", वार्षिक उत्पन्न ४ लाख. अहो, १२ हजाराप्रमाणे वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात, ते पण अजून एक रुपया सुरू व्हायचाय. हे पोराने सांगितलं नसणार, कोऱ्या जागा सोडून सह्या घेतल्यात आणि मागून भरलंय. व्हेरिफिकेशनचा फोन आला की सगळ्याला हो म्हणा, हे पण सांगितलं असेलच. अर्जात हे लिहा, उत्पन्न चुकीचं दाखवलंय आणि नोकरीसाठी विमा लागतो असं खोटं सांगून पॉलिसी दिली. अप्रेंटिसला जॉइन होताना स्वतःची पॉलिसी आणावी लागते असं अप्रेंटिस कायद्यात कुठेही नाही. उलट ट्रेनिंग करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्यानेच कंपनीवर आहे.

आणि मुळात १९ वर्षांच्या पोरावर अवलंबून आहे कोण? कोणी नाही. अवलंबून आहेत सगळे तुमच्यावर. वय ४६, कुरकुंभला ऑपरेटर, हातात २८ हजार, घराचा हप्ता ९ हजार, मुलगी नववीत. आणि विमा उतरवला पोराचा! तुमच्या पीएफला जोडून ७ लाखांपर्यंतचा विमा असतो, त्याचं नॉमिनेशन ऑनलाइन झालंय का बघा, पण तो नोकरी आहे तोवर. तुमच्या नावाने टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) पाहिजे, ५० लाखांचा, वयाच्या ६० पर्यंत. या वयाला वर्षाला साधारण १५ ते २० हजार, तंबाखू खात असाल तर जास्त पडतील, पण लपवू नका, क्लेम तिथेच अडकतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी पण गेलाय. पगार २१ हजाराच्या वर गेल्यावर तुमचं ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) सुटलं असणार, त्याजागी मेडिक्लेम घेतला का? पत्रात उल्लेख नाही म्हणजे नसणार. ऑपरेटर लोकांच्यात हे सर्रास दिसतं, पगार वाढला म्हणून पेढे वाटतात आणि दवाखान्याचं कार्ड गेलं हे कोणाच्या लक्षात येत नाही. चौघांचा मिळून एकच ५ लाखांचा मेडिक्लेम, म्हणजे फ्लोटर, साधारण २० हजारात बसेल. म्हणजे टर्म आणि मेडिक्लेम दोन्ही मिळून या एका पॉलिसीच्या हप्त्यापेक्षा कमी.

पण ६० हजार परत आले की त्यातून आधी पाटल्या सोडवा. टर्म आणि मेडिक्लेम तुमच्या पगारातून आणि बोनसमधून, आधी टर्म, दिवाळीनंतर मेडिक्लेम. मुलाला विमा हवाच असेल तर त्याच बचत खात्यावर ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना चालू करा, पहिलीत कशानेही मृत्यू झाला तर २ लाख, दुसरीत अपघाताचे २ लाख. दोन्ही मिळून वर्षाला ४५६ रुपये. बँकेत या दोन योजना स्वतःहून कोणी समजावत नाही, कमिशन कितीसं मिळणार त्यात. तुम्ही पण ५० च्या आत आहात, तुमचंही करून टाका.

आता मूळ प्रश्न. त्यात पण "परमनंट" हा शब्द काढून टाका आणि मग विचार करा. अप्रेंटिसला नोकरी द्यायचं बंधन कायद्याने कंपनीवर नाही, कोणाला घ्यायचं ते कंपनी आपल्या धोरणाने ठरवते. चाकण-रांजणगाव पट्ट्यात बहुतेक पोरांचं काय होतं ते तुम्ही स्वतः एमआयडीसीतले, तुम्हाला मी काय सांगू, अप्रेंटिस संपली की टेम्पररी, सहा-सात महिने काम, ब्रेक, परत दुसऱ्या कंपनीच्या गेटवर बायोडेटा घेऊन. अप्रेंटिसशिपमध्ये पीएफ कापत नाहीत, कारण कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नाही, शिकाऊ आहे. तेव्हा १२ हजार हा पगार समजायचाच नाही. आयटीआय पासला २०१९ च्या नियमांनी किमान ७ हजार होतं, त्या मानाने कंपनी बरं देतेय, पण तिथून न्यायचं आहे ते काम.

म्हणून मला दोन गोष्टी कळवा. एक, ऑफर लेटरवर नाव कोणाचं आहे, कंपनीचं की कुठल्यातरी मॅनपॉवर सर्व्हिसेसचं, आणि सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर होणार का, त्याचा नंबर मिळणार का. रजिस्टर असेल तरच शेवटी परीक्षा देऊन नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हातात पडतं. नुसतं "ट्रेनी" लिहिलेलं पत्र असेल तर ती स्वस्त मजुरी, सोडून द्या.

दुसरं, डिपार्टमेंट कुठलं. मेंटेनन्स किंवा टूल रूम मिळत असेल तर डोळे मिटून पाठवा. फिटरचं पोर वर्षभर मेंटेनन्सला राहिलं, ब्रेकडाऊनला सिनियरच्या मागे टॉर्च धरून उभं राहिलं, हायड्रॉलिक पॉवर पॅक उघडला, बेअरिंग बदललं, पॅनलमधलं सेन्सर-रिलेचं वायरिंग समजून घेतलं, तर उद्या कुठल्याही व्हेंडर कंपनीत त्याला किंमत आहे. असेंब्ली लाइनवर टाकलं तर वर्षभर एकाच स्टेशनला न्यूमॅटिक गन घेऊन तेच चार बोल्ट आवळेल, आणि आयटीआयमध्ये दोन वर्षं फाइलिंग करून जे शिकला ते पण विसरेल. एचआरला जॉइनिंगच्या आधी सरळ विचारता येतं, पोराला लाज वाटत असेल तर तुम्ही फोन करा. नुसतं "रोटेशन असतं" म्हणाले तर आधीच्या बॅचच्या दोन पोरांना गाठून विचारा.

डिप्लोमाची घाई नाही. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय यावर डायरेक्ट सेकंड इयर पुढच्या वर्षीही मिळतं, वर्षाची गॅप आडवी येत नाही. आणि ६५ हजारवालं प्रायव्हेटच का धरून बसलात? ७८ टक्के आहेत, आधी कॅप राउंडला (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीला) फॉर्म भरून सरकारी पॉलिटेक्निकचे ऑप्शन टाका, तिथे फी याच्या पाव पण नसते. प्रायव्हेट घ्यावंच लागलं तरी कॅपमधूनच घ्या, ओपन कॅटेगरी आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ती नाही मिळत. हे कॉलेजच्या ॲडमिशन काउंटरवर सांगत नाहीत, तिथे "आजच टोकन भरा, दोनच सीट राहिल्यात" एवढंच सांगतात.

तर माझ्या मते असं: कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर आणि मेंटेनन्स किंवा टूल रूम मिळत असेल तर यंदा अप्रेंटिसशिप, पुढच्या वर्षी कॅपमधून डिप्लोमा. महिन्याला ३ हजार उरवले तरी वर्षाचे ३६ हजार होतात, रिकरिंगला टाका, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला उपयोगी पडतील. लाइनवरच टाकणार असतील, किंवा लेटर ठेकेदाराचं असेल, तर यंदाचे जे कॅप राउंड उरलेत त्यात लगेच घुसा. तारखा संपल्या असतील तर वर्षभर जवळच्या टूल रूममध्ये किंवा एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये कमी पैशात का होईना, काम शिकू दे आणि पुढच्या वर्षी फॉर्म भरा. ६५ हजाराच्या सीटला आज टोकन भरू नका.

ऑफर लेटरचा फोटो पाठवलात तर बघून सांगतो. पण ते उद्या पाठवलंत तरी चालेल, आज विमा कंपनीच्या शाखेत जा, बहुतेक दुपारी चारनंतर कागद घेत नाहीत, आणि मुलाला सोबत न्या, आधार आणि पासबुकासकट.