‘अनुग्रह कालावधी’ की भरपाईचा वेळ?

प्रश्न : स्पर्धा परीक्षांच्या सूचनांत दिव्यांग उमेदवारांसाठी ‘लेखनिक व अनुग्रह कालावधी’ (म्हणजे उत्तरं लिहून देणारी व्यक्ती आणि पेपरासाठी जादा वेळ) असं छापलेलं असतं. या वेळेला अनुग्रह म्हणणं बरोबर आहे का?

मला तो शब्द खटकतो. अनुग्रह म्हणजे कृपा. गुरूचा अनुग्रह होतो, राजाच्या हाती निग्रह (शिक्षा) आणि अनुग्रह दोन्ही असतात. सगळी देणाऱ्याची मर्जी. सरकारी मराठीत तर हा अर्थ पक्का रुजला आहे. कायद्याने देणं लागत नसताना दिलेली रक्कम म्हणजे ‘सानुग्रह अनुदान’. दिवाळी जवळ आली की पालिकांच्या बातम्यांत तो शब्द हमखास दिसतो.

परीक्षेतल्या या वेळेचं तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक यांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि वाजवी सोय (इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून केलेला आवश्यक बदल) नाकारणं हा त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव ठरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली : लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही. जे नाकारणं बेकायदा, ते देण्यात कृपा कसली?

गंमत अशी की केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांना ‘जादा वेळ’ हेही नाव नको होतं. त्याऐवजी भरपाईचा वेळ म्हणावं आणि लेखनिक घेणाऱ्यांना तो ताशी किमान २० मिनिटं द्यावा, असं त्या सांगतात. म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. प्रश्न वाचून घेणं, उत्तर सांगणं, लेखनिकाने काय लिहिलं ते पुन्हा ऐकणं, यात गेलेली मिनिटं परत मिळतात. पदरात वाढीव काही पडत नाही.

याच वेळेला ‘प्रतिपूरक वेळ’ म्हणणं अर्थाने चोख आहे, पण परीक्षागृहात कोणी उच्चारणार नाही. ‘भरपाई’वर नुकसानभरपाईची सावली पडते असा आक्षेप येईल. पडू दे, वेळेचं नुकसान होतंच ना! ‘सवलत’, ‘सूट’ हे शब्द मात्र सरसकट हद्दपार करू नयेत. उच्च शिक्षणाच्या प्रवेशात कमाल वयात ५ वर्षांची सवलत किंवा दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, इथे नियम खरोखरच सैल केलेला असतो.

अर्ज भरताना तेवढं रकान्यात जे नाव छापलं असेल तेच लिहा.