जुन्या घराचं काम चालू असताना घरातच राहता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापुरात मंगळवार पेठेत आजोबांच्या वेळचं मातीच्या भिंतींचं कौलारू घर. मागच्या परड्यात दोन खोल्या वाढवायच्या आणि पुढचं जुनं दुरुस्त करायचं. घरात पंचाहत्तरी ओलांडलेली आई आणि दहावीतली मुलगी. दिवाळीनंतर काम काढायचं आहे, तर तिथंच राहावं की भाड्याची खोली बघावी?

राहता येतं. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराचं काम आम्ही सासू-सासरे, दीर-जाऊ आणि मुलं अशा भरल्या घरात राहूनच केलं. फक्त कामाचा क्रम गवंड्याच्या सोयीनं लावू नका, घरातल्या माणसांचा दिवस बघून लावा. स्वयंपाकघर, न्हाणी-संडास आणि म्हाताऱ्या माणसाची झोपायची जागा, या तिन्हींपैकी एका वेळी एकच हलवायची. दोन एकदम हलल्या की माणसं एकमेकांवर चिडायला लागतात आणि मग काम कितीही चांगलं झालं तरी घरात कुणाला त्याचा आनंद राहत नाही.

म्हणून आधी मागचं बांधा. मागच्या खोल्या पूर्ण झाल्या, त्यातल्या एकीत ओटा आणि नळ चालू झाला, की स्वयंपाक तिकडं न्या आणि मगच जुन्या भिंतींना हात लावा. गवंडी म्हणेल, सगळं एकदम उकरू, साहित्य एकदाच येईल, लवकर उरकेल. त्याच्या बाजूनं ते बरोबरच आहे. पण रात्री त्या उकरलेल्या घरात झोपायचं तुम्हाला असतं.

मागच्या कामातही जुन्या घराचा विचार सोडू नका. जुना पाया दगड-मातीचा असतो आणि बहुतेक वेळा फार खोल नसतो. त्याला लागून नवा खड्डा घेताना त्याच्या तळाखाली जाऊ नका आणि पूर्ण भिंतीच्या लांबीला एकदम चर मारू देऊ नका. नवे कॉलम भिंतीपासून अंतर ठेवून घ्यायला सांगा. नवा स्लॅब मातीच्या भिंतीवर टेकवणं तर मुळीच नको. जुनं घर बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. दोन्ही एकजीव केली की जोडावर भेग येते. आमच्या इंजिनिअरनं तिथं मुद्दाम फट ठेवून वरून पत्रा मारला.

पेठेतल्या घरांत नेहमी सापडणारी एक अडचण आधीच बघून ठेवा. जुन्या कौलांचा उतार बऱ्याचदा मागं परड्याकडं असतो. तिथं नवी भिंत उभी राहिली की छपराचं सगळं पाणी नेमकं नव्या-जुन्याच्या सांध्यात येतं. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला सांगायला नको. तिथं रुंद पन्हळ आणि तिला जाडजूड उतरता पाइप लागतो, आणि तो नकाशा काढतानाच ठरवावा लागतो. मागून बसवलेली पन्हळ पहिल्याच पावसात तुंबते आणि मातीची भिंत आतून ओल धरते. तुमच्या आईंची खोली त्या बाजूला असेल तर हे काम सगळ्यात आधी.

स्लॅब पडल्यावर घरात एक अवघड काळ येतो. काम थांबल्यासारखं दिसतं, पण खोल्या वापरता येत नाहीत. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, किमान 10 दिवस पाणी ठेवावं, असं काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकात आहे. टेकूंचंही तसंच, साध्या सिमेंटसाठी: स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर किमान 7 दिवस, त्याहून मोठा असेल तर 14 दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे टेकू 14 दिवस. या दिवसांत नव्या खोल्यांत मुलांना पाऊल टाकू देऊ नका आणि भांड्यांची पोती नेऊन ठेवायची घाई करू नका. स्लॅबवर आळी करून साठवलेलं पाणी ओघळून जुन्या भिंतीवर येत नाही ना, हे सकाळ-संध्याकाळ बघायला घरातलं एक माणूस नेमा. आमच्याकडं सासऱ्यांनी हे काम मागून घेतलं. कामात त्यांचा जीव गुंतला आणि चिडचिड बरीच कमी झाली.

स्लॅबच्या दिवशी माणसांना जेवण घालायची आपल्याकडची रीत आहे, ती मोडू नका. त्यासाठीही चूल तोवर जागेवर हवी. आम्ही दोघी जावांनी पहाटेपासून मटण आणि भाकऱ्या केल्या, बोळातल्या दोन काकू मदतीला आल्या. त्यानंतर मिस्त्री कुठलीही भिंत फोडायच्या आधी दारात येऊन विचारायचे, "वैनी, आत कोण झोपलंय काय? ठोकू काय आता?"

आता आईंबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. रात्री अंथरुणापासून संडासापर्यंत जायची वाट त्या अंधारात पायांनी ओळखत असतात. त्या वाटेवर एक दिवसही वीट, घमेलं, वायर राहता कामा नये. रोज काम सुटल्यावर ती वाट झाडून घ्यायची आणि छोटा दिवा रात्रभर चालू ठेवायचा. कामासाठी जुन्या बोर्डातून वायर ओढतात, खाली ओली जमीन असते, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. आम्ही हे सगळ्यात पहिल्यांदा केलं.

आईंना सोबत घेऊन घरभर एकदा फिरा आणि काय ठेवायचं ते त्यांनाच विचारा. सासूबाईंनी सोप्यातले दोन खांब, देवघराची दिवळी आणि उंबरा एवढंच मागितलं. तुळया बदलल्या, कौलं बदलली, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण दिवळी बुजवायचा विषय निघाला त्या दिवशी जेवल्या नाहीत. अशा वस्तूंवर खडूनं खूण करा आणि मिस्त्रीला आईंच्या समोर सांगा. निघणारं जुनं सागवान, कौलं आणि घडीव दगड मालकाचे, हे ठरावाच्या कागदावर लिहून घ्या. लाकूड जमिनीवर टाकू नका, विटांवर रचून झाका, नाहीतर वाळवी लागते.

जुन्या भागात मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. अशी भिंत ओल आत घेते आणि हवेत सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल आतच राहते आणि काही वर्षांनी गिलाव्यासकट भिंतीचं तोंड सुटतं. चुन्याचा गिलावा करणारा कारागीर शोधायला वेळ लागतो, पण शोधा. वायरिंगसाठी या भिंती खोल चिरू नका, वरून पट्टीत घ्या. कुठलीही भिंत काढण्याआधी वरची तुळई तिच्यावर बसली आहे का ते बघा आणि तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं टोचून तपासा, कूज तिथंच लागते. परड्यात जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. त्यांना घण घालू नका, ओले करून अखंड उतरवा, आणि त्या दिवशी मुलगी व आई घरात नकोत. दारांचा जुना ऑइल पेंटही कोरडा घासू देऊ नका, त्यात शिसं असण्याची शक्यता असते.

परवानगी घ्याच. वाढीव बांधकामाला महापालिकेची मंजुरी लागते आणि त्याआधी प्रॉपर्टी कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत ते निघतं. चुलते, आत्या यांची संमती कामाच्या मध्यात मागायला जाणं फार जड जातं, आत्ताच जाऊन या. 2019 किंवा 2021 च्या पुरात तुमच्या बोळात पाणी आलं असेल, तर पूररेषेचीही चौकशी करा आणि मीटर, बोर्ड त्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांना बोलावून, त्यांच्या बाजूच्या भेगांचे फोटो दोघांनी मिळून आधीच काढून ठेवा. वाळू-खडी बोळात येत नाही, तोंडाशी पडते. तालमीच्या पोरांना विचारलंत तर जागाही देतात आणि लक्षही ठेवतात.

मिस्त्रीशी घरातल्या एकाच माणसानं बोलायचं, हेही आधीच ठरवा. आमच्याकडं ते काम दीर करायचे. बाकी सगळ्यांनी आपलं म्हणणं रात्री जेवताना त्यांना सांगायचं. नव्या खोल्या चौरस फुटावर द्या, पण जुनी दुरुस्ती हजेरीवर करून घ्या. जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही, आणि ठरीव रकमेत कारागीर घाई करतो.

राहता राहिली भाड्याची खोली. महिनोन्महिने ती नको. छप्पर उघडायचे आणि जमीन उकरायचे दिवस तेवढे बाहेर राहा. आईंना तुमच्या बहिणीकडं किंवा जवळच्या नात्यात पाठवा, तेही त्यांना आधी विचारून.

तुमच्या घरात दहावी आहे, म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. या वर्षी फक्त मागचं बांधा. दिवाळीनंतर पाया, डिसेंबरात स्लॅब, आणि ठोकाठोकीचं सगळं जानेवारीतच संपवा. फेब्रुवारी-मार्चात मशीन लावूच देऊ नका. परीक्षा संपल्यावर जुन्या घराला हात घालावासा वाटेल, पण एप्रिल-मेमध्ये वळीव कधीही येतो आणि उघड्या छपराखालची मातीची भिंत एका संध्याकाळीत जाते. तेव्हा फक्त फुटकी कौलं बदला, पन्हळ साफ करा आणि पुढचं काम पुढच्या दिवाळीनंतर काढा. तोवर आईंनाही मागच्या नव्या खोलीची सवय झालेली असेल.