'नो' पुढचा कॉमा आणि केळीची गाडी

भो, तुझा प्रश्न वाचला. व्हॉट्सॲपवर इंग्रजीत कोणी कॉमा टाकत नाही, तरी समोरच्याला समजतंच, मग बँकेच्या परीक्षेत त्याचे मार्क का कापतात, असं तुझं म्हणणं. समोरच्याला समजतं हे खरं, पण काय समजतं ते ऐक.

मी रावेर साइडला केळीच्या व्यापाऱ्याकडे बिलं आणि मेल बघतो. नवा होतो तेव्हाची गोष्ट, बाहेरच्या एका पार्टीने विचारलं, 'एनी प्रॉब्लेम?' मी घाईत टाइप केलं, 'नो स्टॉक इज रेडी'. माझ्या डोक्यात होतं की नाही हो, माल तयार आहे. त्याने वाचलं की कुठलाच माल तयार नाही, आणि गाडी दुसरीकडे लावून टाकली. इकडे घड कापून बसलेले, केळी काय कोणासाठी थांबते का. शेठ ओरडले नाहीत, फक्त मोबाईल माझ्यापुढे धरून तोच मेसेज मोठ्याने दोनदा वाचायला लावला, ते जास्त लागलं. 'नो' नंतर एक कॉमा, बस, तेवढाच राहिला होता.

मराठीत असं सहसा का होत नाही? 'नाही माल तयार आहे' असं बिनकॉमाचं लिहिलं तरी शेवटी 'आहे' आहे ना, कोणी उलटं वाचणार नाही. आपल्याकडे प्रत्यय अर्थ धरून ठेवतात. 'सुरेश, फोन करू नको' आणि 'सुरेशला फोन करू नको', सगळा फरक त्या 'ला' मध्ये. इंग्रजीत 'ला' नाही, म्हणून 'डोन्ट कॉल, सुरेश' म्हणजे सुरेशला सांगतोय, आणि कॉमा उडवला की 'डोन्ट कॉल सुरेश', म्हणजे सुरेशला फोनच नको. आपली विभक्ती जे काम करते ते तिकडे बऱ्याचदा कॉमाला करावं लागतं, माझ्या मते अर्धं व्याकरण इथेच आहे. आपल्या जुन्या मोडी कागदांत तर ही चिन्हं नसायचीच, शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, तरी कारभार चाललाच. ती इंग्रजीवरून आली, मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात मराठीत रुळवली.

परीक्षेत हमखास येतो तो 'हू' वाला प्रकार. 'द फार्मर्स हू ग्रो बनाना गॉट द मनी', कॉमा नाही, म्हणजे जे केळी लावतात त्यांनाच पैसे मिळाले, कापूसवाले राहिले. 'फार्मर्स' नंतर एक आणि 'बनाना' नंतर एक कॉमा टाक, आता सगळ्यांनाच मिळाले, आणि ते सगळेच केळीवाले आहेत. पीकविम्याच्या कागदात असं झालं तर काय गोंधळ होईल विचार कर.

आणि असं खरंच झालेलं आहे. 1872 च्या अमेरिकन जकात कायद्यात 'फ्रूट-प्लँट्स', म्हणजे फळझाडांची रोपं, ड्युटी फ्री करायची होती. मधल्या रेघेच्या जागी कॉमा पडला, 'फ्रूट, प्लँट्स' झालं, आणि फळांचीही ड्युटी गेली. म्हणजे टिश्यूकल्चरच्या रोपाची सवलत अख्ख्या घडाला लागल्यासारखं. सरकारला सुमारे 20 लाख डॉलरचा फटका बसला म्हणतात. अलीकडचं बघायचं तर अमेरिकेतल्याच मेन राज्यात दूध डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमची केस केली, 2017 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण कायद्यातल्या 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' मध्ये 'ऑर' आधी कॉमा नव्हता. मग मालकाला ओव्हरटाइम न देण्याची सूट फक्त पॅकिंगच्या कामाला आहे की माल पोचवण्यालाही, हेच ठरेना. पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

अपॉस्ट्रॉफी, सेमिकोलनचं मी लिहीत बसत नाही, ते पुस्तकात नीट आहे. आपल्या पोरांची खरी चूक वेगळीच असते, आपण मराठीच्या श्वासावर कॉमा टाकतो. 'तो म्हणाला की,' असं लिहायची सवय, म्हणून 'ही सेड दॅट' नंतरही कॉमा ठोकतो. तो तिथे नको. कर्ता लांबलचक असला की दम लागतो म्हणून क्रियापदाआधीही एकटाच कॉमा टाकतो, तोही चूक. मागचे पेपर घेऊन आधी हे दोनच शोध, निम्मे लाल गोळे कमी होतील.

आणि पार्टीला उत्तर देताना मी आता 'नो' ने सुरुवातच करत नाही, सरळ 'स्टॉक इज रेडी' लिहितो आणि फोनपण करतो.